न दिसलेल्या तुनिना

सुनिल्दाने गळ्यातल्या रेकॉर्डरचं बटण दाबलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "चार. उजवीकडे तीस अंश. अंतर अडीचशे."

बटण सोडलं. अडीचशे मीटरवर नुसतं पाणी होतं. सकाळच्या वाऱ्याने त्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या, आणि पलीकडे शिंपले वाढवायचे दोर तरंगते ठेवणारी काळी पिंपं रांगेने डुलत होती. एकही पाठ वर आलेली नव्हती. तिने नजर चटकन डावीकडे वळवली.

बोटीच्या टपावर बांधलेल्या मचाणावर ती आणि येर्को उभे होते, आणि दोघांच्या मध्ये ताडपत्रीचा आडोसा होता. एकाला दिसलेलं दुसऱ्याला कळू नये म्हणून रेनाताबाईंनी तो मुद्दाम लावून घेतला होता. समुद्र एकच, पण दोघांनी तो आपापला पाहायचा. दिसेल ते आपल्या रेकॉर्डरला सांगायचं, तेही तोंडातल्या तोंडात. दुपारी खाली केबिनमध्ये बाई दोन्ही रेकॉर्डर ऐकून ताडून पाहायच्या. लाउचेच्या खाडीत तुनिना, म्हणजे इथले छोटे डॉल्फिन, किती उरल्यात, ते त्यातून ठरायचं. बाहेरच्या समुद्रातले मोठे डॉल्फिन बोटीपुढे उड्या मारतात, माणसांना खेळवतात. तुनिना तशी नाही. ठेंगणी, लाजाळू, पाठीवरचा पर अंगठ्यासारखा गोल. श्वासापुरती वर येते आणि जाते. तेवढ्यात पाहिली तर पाहिली.

आणि सुनिल्दा कार्कामो ती पाहायची. सगळ्या लाउचेत तिच्या डोळ्यांचं नाव होतं. अकरा वर्षांपूर्वी ती कारखान्यात उकडलेले शिंपले सोलायची. एका रविवारी फेरीबोटीत तिच्या शेजारी बसलेली परकी बाई दुर्बीण लावून पाण्याकडे टक लावून होती. सुनिल्दा सहज म्हणाली होती, "सहा आहेत. एक पिल्लू आहे. तिकडे नाही हो, त्या खडकाच्या अलीकडे." बाईंना दुर्बिणीतूनसुद्धा ती सापडायला वेळ लागला. तिसऱ्या दिवशी त्याच रेनाताबाई कारखान्याच्या दारात उभ्या होत्या. तेव्हापासून उन्हाळ्यातले तीन आठवडे सुनिल्दा शिंपल्यांची नव्हती, समुद्राची होती. बाईंच्या छापील अहवालात तिचं नाव यायचं. बारा बायकांच्या ओळीत खाली मान घालून वीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला आपलं नाव छापलेलं दिसलं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

गेल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या डोळ्यात धुकं उतरलं, मागोमाग डाव्यातही. आधी तिने खिडकीच्या काचा पुसल्या. मग चष्मा बदलला. मग डॉक्टरने सांगितलं, मोतीबिंदू आहे, ऑपरेशनचा नंबर पुढच्या वर्षी लागेल. ती घरी आली, चूल पेटवली आणि कुणाला काही बोलली नाही.

यंदाच्या मोजणीचे पहिले दोन दिवस ताडपत्रीपलीकडून येर्कोची कुजबुज येत राहिली. शब्द कळत नव्हते, पण तो बोलतोय हे कळत होतं. पुन्हा बोलतोय. पुन्हा. तिच्या बाजूला मात्र पांढुरकं पाणी. तिसऱ्या दिवशी बोट ओढ्याच्या मुखाशी आली. तिथे तिने अकरा वर्षं तुनिना पाहिल्या होत्या. तिने बटण दाबलं आणि म्हणाली, "तीन." असतातच इथे, तिने स्वतःला समजावलं. आत्ता पाण्याखाली असतील. मी खोटं बोलत नाहीये, जरा आधी बोलतेय एवढंच.

त्या दिवशी एकदाच. दुसऱ्या दिवशी तीनदा. आज दहावा दिवस होता, आणि आता तिला फार विचार करावा लागत नव्हता.

"उतरा खाली!" आर्सेनिओ सुकाणूवरून ओरडला. बोट त्याची होती, नाव 'ला पोर्फिआदा', हट्टी बाई. त्याची बायको त्या नावावरून त्याच्याशी अजून भांडायची. "मिल्काओ गार होतायत. नंतर दगड झाले म्हणून माझ्या बायकोला नावं ठेवू नका."

येर्को शिडीवरून उतरला तो डोळे चोळतच. तिशीतला गडी, पाणबुड्याचं काम सोडून दोन वर्षांपूर्वी या कामाला लागलेला. सुनिल्दानेच बाईंकडे शब्द टाकला होता. त्याची आई आणि सुनिल्दा कारखान्यात एका टेबलावर होत्या.

"मला आज एक," तो बटाट्याचा तळलेला मिल्काओ मोडत म्हणाला. "अख्ख्या सकाळात एक! तीसुद्धा पाणकावळा निघायची."

"सांगायचं नसतं रे," सुनिल्दा म्हणाली.

"एक काय सांगायचं नि काय लपवायचं, मावशी."

"लग्न झाल्यापासून याची नजर घरीच राहते," आर्सेनिओ म्हणाला. "नुसतं धड येतं बोटीवर."

"काका, तुम्ही बोट खडकावर घालू नका, मी नजर घेऊन येतो."

सगळे हसले. येर्कोही हसला, पण हसता हसता त्याने माते चहाचं पाकीट उचललं, केबिनच्या टोकाला फळीवर उभं केलं आणि मागे मागे सरकत भिंतीला टेकला. एक डोळा झाकून त्याने पाकिटावरच्या बारीक ओळी पुटपुटत वाचल्या. मग दुसरा डोळा झाकला.

"मावशी, तुला दिसतं का गं इथून? ती शेवटची ओळ?"

सुनिल्दाने पाकिटाकडे पाहिलं. हिरवा डाग दिसला.

"रोजचंच लिहिलंय," ती म्हणाली. "वाचायचं काय त्यात?"

रेनाताबाईंनी वहीतून मान वर केली नाही. येर्को बाहेर गेल्यावर मात्र त्यांनी सुनिल्दाला थांबवलं. बाई पंचेचाळिशीच्या, उत्तरेकडच्या विद्यापीठातल्या. बोलायच्या कमी, आणि सुनिल्दाशी बोलताना त्यांचा आवाज नेहमी थोडा मऊ व्हायचा.

"सुनिल्दाताई, बसा जरा. मला येर्कोबद्दल बोलायचंय."

सुनिल्दा बाकाच्या कडेवर बसली.

"त्याच्या डोळ्यांना काहीतरी झालंय. पहिले दोन दिवस ठीक होता. तेव्हा उलट तुम्हीच चुकवत होतात, पण तिसऱ्या दिवशी तुम्ही सावरलात. तेव्हापासून तुम्ही सांगितलेल्या तुनिनांतल्या निम्म्या तरी त्याला दिसतच नाहीत. मी काल बोलले त्याला."

"काय बोललात?"

"जे आहे ते. तो चुकवतोय, एवढंच. तसं आकड्याचं काही बिघडत नाही. दोन माणसं उभी करायची ती त्यासाठीच." सुनिल्दाचा चेहरा पाहून बाईंना वाटलं तिला समजलं नाही. "असं धरा, तुमच्या बटाट्याच्या शेतात आपण दोघी एकमेकींना न सांगता फिरलो आणि कीड लागलेली झाडं मोजली. तुम्हाला दिसलेल्या दहांतली मला आठच दिसली. म्हणजे मी दहांत दोन चुकवते. तसंच मला दिसलेल्यांतली तुम्ही किती चुकवलीत, तेही कळतं. त्यावरून दोघींनाही न दिसलेली किती असतील, त्याचा अंदाज काढायचा. डोळा कमजोर असला तरी चालतं. तो किती कमजोर आहे ते आपोआप कळतं, आणि तेवढं आपण भरून काढतो."

सुनिल्दा बाकावर जरा पुढे सरकली.

"म्हणजे एखाद्याला कमी दिसत असेल तरी?"

"तरी चालतं."

"आणि नसलेलंच कुणी दिसलं म्हणून सांगितलं तर?"

बाई हसल्या. "असं कोण कशाला करेल?"

बाहेर आर्सेनिओ नळाखाली कप आपटून धूत होता. सुनिल्दाने आपल्या हातातल्या मिल्काओकडे पाहिलं. तो तिने अजून मोडलाही नव्हता.

"येर्कोला पुढच्या वर्षी मी घेणार नाही," बाई म्हणाल्या. "भरून काढता येतं हे खरं, पण इतकंही नाही. तुम्ही आणलेला माणूस, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. आणि दुसरं..." त्यांनी वही पुढे ओढली. "आकडा मोठा येतोय, ताई. चार वर्षांपूर्वी अठ्ठावन्न होता. आता शंभराच्या वर जातोय. मला आनंद व्हायला हवा. पण एवढी पिल्लं एवढ्यात होत नाहीत. बाहेरून आल्या असतील, नाहीतर काय." त्या थांबल्या. "सत्तरच्या वर आकडा गेला की खाडीचा पूर्वेचा फाटा शिंपल्यांच्या दोरांसाठी मोकळा होणार. कंपनीचा अर्ज पडूनच आहे. मासेमारी खात्याचं ऑफिस म्हणेल, एवढ्या आहेत ना, मग अडचण काय."

पूर्वेच्या फाट्यात तुनिना पिल्लं वाढवायच्या. हे बाईंना सुनिल्दानेच दाखवलं होतं.

दुपारी ओहोटीने पाणी पार मागे गेलं. धक्क्याजवळच्या वाळूवर बोटी कुशीवर कलंडून पडल्या होत्या. सुनिल्दा घराकडे निघाली होती, पण उलट्या घातलेल्या एका होडीवर येर्को बसलेला दिसला आणि तिचे पाय तिकडे वळले. बोलायचं तिने ठरवलं होतं. कुठून सुरुवात करायची ते ठरवलं नव्हतं.

"बस, मावशी," तो म्हणाला. "बरं झालं आलीस. मीच येणार होतो तुझ्याकडे."

ती बसली.

"मी एक घाण करून ठेवलीय."

"काय केलंस?"

तो वाळूत टाच रुतवत राहिला. "काल बाई म्हणाल्या, तू चुकवतोयस. मी म्हटलं, लक्ष नसेल. आज डोळे फाडून पाहिलं, मावशी, पापणी लवू दिली नाही. तरी एकच. आणि पलीकडून तुझी कुजबुज चालूच. मला वाटलं, गेले डोळे. घरी माझ्या दामारिसला सातवा महिना लागलाय, आणि माझे डोळे गेले. पाण्यात उतरायचं तर कान आधीच गेलेत." त्याने घसा खाकरला. "जेवणानंतर गेलो ना आपण परत वर? तेव्हा मी दोनदा खोटं सांगितलं. तू बोललीस की त्याच्यामागोमाग. दोन सांगितल्या एकदा, एकदा तीन. काहीच दिसलं नव्हतं मला."

समोर दोन पोरी बादली घेऊन ओल्या वाळूत शिंपले उकरत होत्या. सुनिल्दा त्यांच्याकडे पाहत राहिली.

"तू मला चिकटवलंस इथे," येर्को म्हणाला. "तुझं नाव मातीत घातलं मी. बाईंना तू सांग, मला नाही जमायचं. आणि रागाव मला, अशी गप्प नको बसूस."

"तुझे डोळे ठीक आहेत," ती म्हणाली.

"असं समजूत काढू नकोस."

"समजूत नाही काढत. ठीक आहेत. माझे गेलेत." तिने उजव्या डोळ्यापुढे हात धरला, मग डाव्या, आणि हात खाली घेतला. "मोतीबिंदू आहे. हिवाळ्यापासून. तुला दिसलं नाही, कारण तिथे काही नव्हतंच. तिसऱ्या दिवसापासून मी नसलेल्याच सांगतेय. तू ऐकत होतास ती माझी कुजबुज, ती सगळी... त्यातली बरीचशी खोटी होती."

येर्को तिच्याकडे वळला नाही. थोड्या वेळाने तो उठला आणि पाण्याच्या दिशेने चालत गेला. कलंडलेल्या बोटी ओलांडून, ओली वाळू लागेपर्यंत. तिथे उभा राहून त्याने लांब नांगरलेल्या बोटींची नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. जवळची आधी. मग त्यापलीकडची. खाडीच्या तोंडाशी एक मालवाहू गलबत उभं होतं, सुनिल्दाला ते करड्या ठिपक्याहून जास्त दिसत नव्हतं. त्याचंही नाव त्याने वाचलं, आणि नावाखाली लिहिलेल्या बंदराचंही.

परत आला तेव्हा त्याचे ओठ आवळलेले होते.

"रात्रभर डोळ्यांवर कॅमोमाइलच्या पाण्याच्या घड्या ठेवून होतो," तो म्हणाला. "दामारिस बदलत होती."

सुनिल्दा होडीवरून उठली.

"तू सांगतेस की मी सांगू?"

"मी."

त्याने होडीवरचं जॅकेट उचललं आणि तो निघाला. रोज तो निघताना तिच्या खांद्यावर थाप मारायचा. आज मारली नाही.

बाई शाळेच्या मास्तरांच्या घरी भाड्याच्या खोलीत उतरल्या होत्या. सुनिल्दा गेली तेव्हा त्या टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या. तिने दारातच उभं राहून सगळं सांगितलं, कारण आत जाऊन बसलं तर बोलणं होणार नाही अशी तिला धास्ती होती. डोळ्याचं सांगितलं, ओढ्याच्या मुखाचं सांगितलं. येर्कोच्या दोन वेळांचंही सांगितलं. "त्या त्याच्या नावावर लावू नका," ती म्हणाली. "त्या माझ्याच आहेत."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांची नजर कागदांवरच होती.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि मला सांगावंसं वाटलं नाही? कमजोर डोळा चालतो म्हणून सांगितलं ना मी."

"ते आज सांगितलंत, बाई."

रेनाताबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्यांच्या मानेवर लाली चढली होती. त्यांनी कागदांचा गठ्ठा उचलला आणि एकेक ताव बाजूला काढत गेल्या. तिसरा दिवस. चौथा. पाचवा. टेबलाच्या एका कडेला ढीग चढत गेला. त्यात उगवतीपासूनची आर्सेनिओची मेहनत होती, येर्कोचे खरे डोळे होते, डिझेल होतं, आणि या पाण्यात वर्षातून मोजके मिळणारे शांत दिवस होते.

शेवटी त्यांच्या हातात दोन ताव राहिले.

"पहिले दोन दिवस? तेव्हा खरं सांगत होतात?"

"खरं."

"पुष्कळ चुकवल्यात तेव्हा तुम्ही."

"हो."

"हे दोन मी ठेवते," बाई म्हणाल्या.

लाउचेत गोष्ट पसरायला दोन दिवस पुरले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. दुकानात ती गेली की बोलणं थांबायचं आणि पिठाची पिशवी जरा जास्तच अदबीने हातात मिळायची, तेच जास्त लागायचं. तिच्या जागी शहरातून एक मुलगी आली. तिचे डोळे चांगले होते, पण पहिले चार दिवस तिला बोट लागली. मग वारा सुटला आणि तीन दिवस खाडीत पांढरे फेसच फेस होते. सुनिल्दा खिडकीशी बसून ते फेस पाहत होती. तेवढे तिला दिसत होते.

चौथ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी येर्को उभा दिसला. आत आला नाही.

"माझ्या रेकॉर्डरमध्ये खारं पाणी गेलंय," तो म्हणाला. "मी बोलेन ते माझ्या बाजूला बसून कुणीतरी लिहायला हवं. येशील का विचारलंय."

"कुणी?"

"बाईंनी." तो वाटेकडे पाहत होता. "मी नाही म्हटलं नाही."

वारा पडला होता. पाणी तेलासारखं सपाट होतं. बोट निघाल्यावर रेनाताबाई शिडीशी येऊन थांबल्या, आणि सुनिल्दाने न विचारताच म्हणाल्या, "आजचा दिवस शेवटचा. आकडा येईल, पण इतका पसरट, की चाळीसही असतील आणि नव्वदही. ऑफिस म्हणणार, पुढच्या वर्षी या."

"आणि तोवर पूर्वेचा फाटा?"

बाईंनी खांदे उडवले आणि त्या केबिनमध्ये गेल्या.

सुनिल्दा मचाणावर येर्कोच्या पायांशी बसली, मांडीवर फळी, फळीवर कागद. ताडपत्रीपलीकडे ती शहरातली मुलगी होती. इथून सुनिल्दाला समुद्र दिसत नव्हता, येर्कोचे बूट आणि कठड्याची फळी दिसत होती. अर्धा तास तो काही बोलला नाही. ती पेन्सिल तयार धरून होती. इंजिन एका सुरात चाललं होतं. ओढ्याचं मुख येऊन गेलं असावं, कारण गोड्या पाण्याचा आणि कुजक्या पानांचा वास आला आणि मागे पडला. तेव्हाही तो बोलला नाही.

मग तिच्या डोक्यावर त्याची कुजबुज आली, आणि या वेळी शब्दसुद्धा ऐकू आले.

"दोन. डावीकडे वीस. अंतर दीडशे."

तिने आधी वेळ लिहिली. दोन, डावीकडे वीस, दीडशे. अक्षर मोठं काढलं, स्वतःला वाचता यावं म्हणून.

येर्कोने वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं. कठड्यावर थोडा पुढे वाकला.

"खोड ते, मावशी," तो म्हणाला. "पिंपं होती."

तिने त्या ओळीवर रेघ मारली.